"हरलास म्हणजे मेहनत कमी पडली" हे दरवेळी खरं नसते

आमच्याकडच्या सगळ्या भरतीच्या आन कबड्डीच्या ग्रुपवर सध्या एकच पोस्ट फिरून राह्यली. "हरण्याचं कारण एकच, मेहनत कमी पडली. मैदान, पंच, नशीब हे हरणाऱ्याचे बहाणे. खरा खेळाडू हरल्यावर फक्त स्वतःले दोष देते." लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असन, पण मी कित्येक वर्षांपासून गावातल्या पोट्ट्यांसोबत पहाटे साडेचारला मैदानावर उभा राहतो आन असं ऐकून ऐकून पोट्टे मैदान सोडतात हे डोळ्यांनी पाह्यलं, म्हणून लिहितो.

पहिलं, "कारण एकच". पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 मार्क असतात. आमचा एक पोट्टा 5 मिनिट 10 सेकंदाचं टार्गेट धरून आठ महिने पळाला, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला तर डांबरी रोडवर पळाला, एक दिवस नागा नाही. तरी ट्रायलमध्ये मागं पडला. सगळ्यांनी सांगितलं मेहनत वाढव, तर तो सकाळ-संध्याकाळ पळू लागला, नडगी धरली, तीन आठवडे घरी, आन मग मला म्हणे, "भाऊ, माह्यात दमच नाही." टाइम काढून पाह्यला तर पहिला राउंड 65 सेकंदात! 5:10 साठी 400 मीटरच्या एका राउंडला साडेसत्याहत्तर सेकंद पुरतात, हा पहिल्याच राउंडमध्ये जीव काढून मोकळा होत होता. कमी होतं ते पेसचं डोकं, मेहनत नाही. ज्यानं सगळं ओतलं त्याला तुम्ही "कमी पडला" म्हटलं तर तो दुसरं काय समजणार, खोट आपल्यातच आहे असंच ना. कव्हिंग्टन आन ओमेलिच या दोन संशोधकांनी 1979 मध्ये विद्यार्थ्यांबद्दल हेच मांडलं होतं, मेहनतीला त्यांनी दुधारी तलवार म्हटलं, कारण भरपूर अभ्यास करून नापास झालेल्याला आपल्या अकलेचीच शंका येते.

पोस्टमधलं थोडं खरंही आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी 1975 मध्ये लवकर हार मानणाऱ्या पोरांना "चुकलं कारण जोर कमी लावला" असं समजायला शिकवलं तर ती पोरं टिकून राहू लागली. पण ती "मला जमतच नाही" म्हणून हात टेकणारी पोरं होती. आठ महिने पळणाऱ्याला तेच औषध कसं चालन?

दुसरं, बहाणे. आमचे पोट्टे मातीवर उघड्या पायानं कबड्डी खेळतात, जिल्ह्याला गेले की मॅट. तिसऱ्या रेडला कोपऱ्यावरून वळताना पाय सटकला आन पकड झाली. पोट्टा म्हणाला मॅटमुळं, तर लोक म्हणे बहाणा करून राह्यला. काहून बहाणा? खरंच मॅटमुळं झालं ना! बर्नार्ड वायनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कारण तपासायला तीन गोष्टी सांगितल्या, ते आपल्यातलं आहे का बाहेरचं, कायमचं का बदलणारं, आन आपल्या हातात आहे का नाही. मॅट बाहेरची आहे पण मॅटचे शूज आन महिनाभर आधी तालुक्याला जाऊन सराव हे हातातलं आहे, आम्ही वर्गणी करून तेच केलं. पंचाचा चुकीचा निर्णय हातात नाही, तो झाला असं एकदा मोकळं बोलायचं आन सोडायचं. पोराच्या तोंडाला कुलूप लावलं तर शूजची गोष्टही बाहेर येणार नाही.

तिसरं, फक्त स्वतःला दोष द्या, हे सगळ्यात घातक. 1990 मध्ये मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आन त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या जलतरणपटूंवर प्रयोग केला. पोहून झाल्यावर त्यांना खऱ्यापेक्षा हळू टाइम सांगितला, थोड्या आरामानंतर परत पोहायला लावलं. वाईट झालं की "माझ्यातच खोट आहे, ती जाणार नाही" असा विचार करायची सवय असलेले दुसऱ्यांदा खरंच हळू पोहले, बाकीच्यांचा टाइम घसरला नाही. म्हणजे स्वतःला कोसत बसणं ही काही खऱ्या खेळाडूची खूण नाही.

आन पोस्टमध्ये जिंकण्याबद्दल एक शब्द नाही, तिथंच तर आमच्या पोरी चुकतात, जिंकल्या तरी श्रेय नशिबाला देतात. मागं एक पोरगी 800 मीटरला पहिली आली आन म्हणे, "नशीब भाऊ, चांगल्या पोरी आल्याच नोहोत्या." मी तिचीच टाइम लिहायची वही उघडली. जूनमध्ये 3:41, दिवाळीत 3:20, त्या दिवशी 3:04. बराच वेळ पाहत राह्यली आन मग विचारलं, "भाऊ, मार्चपर्यंत 2:50 होते का?"