ओल भिंतीला, दोष आमटीच्या वाफेला

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर जोरदार वाद झाला. ताई डोंबिवलीत भाड्याने राहते, तिच्या बेडरूममध्ये कपाटामागून कुबट वास येतोय, भाचा रात्रभर खोकतो, आणि ओनरचं एकच पालुपद, पावसाळ्यात होतंच हो, खिडक्या उघड्या ठेवत जा. निम्मे लोक म्हणाले बरोबरच आहे, आपण सगळे ओलीच्या घरातच वाढलो, काय झालं आपल्याला. बाकीच्यांनी मला टॅग करून लिहिलं, तुझ्या तिकडे तक्रार केली की दुसऱ्या दिवशी माणूस हजर, इथे कोण विचारतंय.

मला दोन्ही पटलं नाही.

मी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ विटांच्या जुन्या घरात भाड्याने राहतो. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडेही अस्साच वास, दिसत मात्र काहीच नव्हतं. एका रविवारी वॉर्डरोब पुढे ओढला तर मागे भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळे ठिपके, वॉलपेपर बोटाने दाबला तर मऊ लागला, आणि बायकोची लग्नातली पैठणी ज्या बॅगेत होती तिच्या तळाला पांढरी बुरशी. एजंटला फोटो पाठवले. उत्तर आलं, कपडे घरात वाळवू नका, स्वयंपाक करताना दार लावत जा, तुमच्या जेवणात वाफ फार असते. दुसऱ्या दिवशी माणूस कुठला, चार महिने ईमेल करत होतो, शेवटी काउन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, अधिकारी येऊन बघून गेला तेव्हा कळलं की छताच्या पन्हळीचा पाइप सांध्यात फुटलाय आणि पावसाचं सगळं पाणी त्याच भिंतीत मुरतंय. आमच्या आमटीचा काही संबंध नव्हता.

आणि इथले कायदे आपोआप आलेले नाहीत. आमच्या इथून जवळच रॉचडेल आहे, तिथे अवाब इशाक नावाचा २ वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. वडील २०१७ पासून बुरशीची तक्रार करत होते, त्यांना सांगितलं गेलं वरून रंग मारा, आणि कुटुंब मूळचं सुदानचं म्हणून त्यांच्या आंघोळीच्या, स्वयंपाकाच्या पद्धतींवर ठपका ठेवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, स्पष्ट सांगितलं की मृत्यू घरातल्या बुरशीमुळेच झाला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, मोठा धोका कळवला की १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी, तातडीचं असेल तर २४ तासांत. तोही पहिल्या टप्प्यात फक्त सोशल हाउसिंगला, म्हणजे काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या कमी भाड्याच्या घरांना. मला हे वाचताना भाच्याचा खोकला आठवतो, म्हणून 'काय झालं आपल्याला' हे मला ऐकवत नाही.

आपल्याकडे अगदी काहीच नाही असंही नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये घर दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य म्हटलंय. अडचण अशी की ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो, आणि शहरात हल्ली बहुतेक जण तसेच राहतात, कटकट केली की पुढचं अ‍ॅग्रीमेंट होणार नाही ही भीती कायम. माझ्या मते भांडायचं असेल तर या मुद्द्यावर भांडा. आणि सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये, म्हणजे नमुना नियमांमध्ये, पावसाच्या पाण्याचं आणि बाहेरच्या कॉमन पाइपचं लीकेज सोसायटीच्या खर्चात येतं, ते ओनरने मागायला हवं, पण तो मागत नाही कारण त्याला तिथे राहायचं नाहीये.

ताईला मी एकच सांगितलं, आधी पाणी कुठून येतंय ते बघ. पोळ्या गुंडाळायची फॉइल, हातभर तुकडा, भिंत पुसून कोरडी करून चारही कडा टेपने घट्ट चिकटवायच्या आणि दोन दिवस ठेवायचं. खोलीकडच्या बाजूला दव साठलं तर खोलीतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला साठलं तर पाणी भिंतीतून येतंय. बुरशी काळी की हिरवी याच्या टेस्टवर पैसे घालवू नको, ओल थांबली नाही तर कितीही पुसलं, रंग मारला तरी ती परत येते.

काल रात्री तिचा फोटो आला. फॉइलची भिंतीकडची बाजू ओलीचिंब, खोलीकडची कोरडी. तिने तारीख टाकून तो ओनरला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला दोघांनाही पाठवलाय.