तो धागा आमच्याकडूनच तुटला

नमस्कार,

सेंट पीटर्सबर्गमधल्या खुनावरच्या आमच्या अनुवादित कादंबरीला तुम्ही दोन तारे दिलेत. नावांचा गोंधळ, चुकलेली तारीख आणि ‘तपास अधिकाऱ्याला उत्तर आभाळातून पडल्यासारखं सापडतं’, अशा तुमच्या तक्रारी. यातली शेवटची मनाला फार लागली. रविवारी अनुवादिकेला बोलावलं आणि मूळ रशियन व मराठी प्रत शेजारी ठेवून बसलो.

तुमचं म्हणणं खरं आहे.

झारच्या रशियात 1722 पासून सरकारी नोकरांच्या 14 श्रेणी होत्या. कुणाला काय म्हणायचं हे श्रेणीवरून ठरे. नवव्या श्रेणीचा कारकून ‘वाशे ब्लागोरोदिये’, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा बडा अधिकारी ‘वाशे प्रेवोस्खोदीतेल्स्त्वो’. आता फाटकाचा प्रसंग पुन्हा बघा. द्वोर्निक म्हणजे इमारतीचा राखणदार. रात्री फाटक उघडणारा तोच आणि पोलिसांना खबर पुरवणाराही तोच. तो सांगतो, जुनाट ओव्हरकोट घातलेला कुणी कारकून आला होता. पण फाटक उघडताना आपण त्याला काय म्हणालो हे सांगताना त्याच्या तोंडून ते दुसरं, मोठं संबोधन निसटतं. तपास अधिकारी तिथेच थबकतो. मराठीत आम्ही दोन्हीकडे ‘सरकार’ छापलंय! वाचायला सोपं जावं म्हणून मीच हट्ट धरला होता. अनुवादिकेने तेव्हाच हरकत घेतली होती. मग वाचकाला सुगावा लागणार कुठून?

तारीख मात्र चुकलेली नाही. झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या 1 मार्च 1881 ला झाली ती रशियाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे. ते तेव्हा आपल्या कॅलेंडरच्या 12 दिवस मागे होतं आणि पुढे 1918 मध्ये बदललं. तुम्ही म्हणता ती 13 मार्च म्हणजे तोच दिवस. पात्रं ज्या तारखांत जगतात त्याच आम्ही ठेवल्या, पुढेही ठेवू.

नावांचं म्हणाल तर एकातेरिना पावलोव्हना म्हणजे पावेलची मुलगी, आणि घरात तीच कात्या. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचंच असतं. तरी सुरुवातीला पात्रपरिचयाचं पान हवंच होतं.

पुढच्या आवृत्तीत दोन्ही संबोधनं मूळ रूपात, अर्थासह येतील. ज्यांनी पुस्तक घेतलंय त्यांना त्या प्रसंगाची सुधारित पानं आणि पात्रपरिचय टपालाने विनामूल्य पाठवतो आहोत. तुमचा पत्ता इथे न लिहिता आम्हाला खासगी संदेशाने कळवा. पहिलं पाकीट तुमचं.