बाबा म्हणे परत येणार नाहीत!

आज दुपारी आई-बाबांचे पासपोर्ट कुरिअरने परत आले. सोबत एक छापील कागद. त्यावर कारणांची रांग, प्रत्येकापुढे चौकोन, आणि खूण कुठे, तर व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे, तिथे. झालं, शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) विषय संपला.

शंका कोणाबद्दल? काटोलकडे संत्र्याची बाग असलेल्या माणसाबद्दल! आंबिया बहार झाडावर असला की हा माणूस पुण्याला लेकीकडे दोन रात्री राहत नाही. नातवाच्या बारशाला जेवून हात धुतले आणि रात्रीच्या गाडीला बसले. ते म्हणे युरोपात लपून राहणार. काय करायला, हॉटेलात भांडी घासायला?

कागद काय कमी दिले होते? बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, ३० हजार युरोचा विमा, हॉटेलांची बुकिंगं, परतीचं तिकीट. सातबाऱ्याचं इंग्रजी करून त्यावर नोटरीचा शिक्का. दुरांतोने मुंबई गाठली, तर तिथे व्हिसा केंद्रात बाबांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. जन्मभर मातीत घातलेली बोटं ती! काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा पुसायला लावत होती आणि बाबा शर्टाला हात पुसत उगाच 'सॉरी' म्हणत होते. ते 'सॉरी' मला अजून सहन होत नाही.

फी माणशी ९० युरो. जून २०२४ पर्यंत ८० होती. नकार दिला तरी परत मिळत नाही. डिप्लोमॅटिक पासपोर्टवाल्यांना कितीतरी देशांत व्हिसाच लागत नाही, तसे करारच आहेत. आपण निळ्या पासपोर्टवाल्यांनी मात्र आधी आपण पळपुटे नाही हे सिद्ध करायचं.

हो, खोटे कागद लावून गेलेले आणि तिकडेच राहिलेले आपलेच लोक आहेत, माहिती आहे. आपणही युरोपातल्या लोकांकडून व्हिसा मागतोच. पण तो घरबसल्या ऑनलाइन निघतो, आजोबांचा सातबारा कोणी मागत नाही.

बाबांना फारसं काही वाटलेलं नाही. (किंवा तसं दाखवतायत.) "जाऊ दे वं. मी काहून राहीन तिथं? बागेच्या पाण्याचं कोण पाहीन?" हेच एक वाक्य त्या साहेबाने समोर बसवून ऐकलं असतं तर! पण बोलावलंच नाही कोणी. आई सीताबर्डीवरून आणलेले बूट खोक्यासकट माळ्यावर टाकायला निघाली, तेव्हा मी तिच्यावरच ओरडले. तिचा काय दोष, पण राग कुठेतरी निघतोच.

भाऊ म्हणतो, मॉरिशसला पाठवू, तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. पाठवू की. पण आईला आल्प्स बघायचे आहेत, समुद्र नाही.

कागदाच्या शेवटी अपिलाचं लिहिलंय. कोणी केलंय का? की सरळ नवा अर्ज टाकायचा? अनुभव असेल तर सांगा. एजंटांनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.