यांगश्वोला जाताय? मुक्काम शिंगपिंगला टाका

दक्षिण चीनमधल्या गुइलिनला सकाळी मोठ्या बोटीत बसायचं, चार-साडेचार तास ली नदीकाठचे डोंगर बघत यांगश्वोला उतरायचं, वेस्ट स्ट्रीटवर दोन फ्रिज मॅग्नेट घ्यायचे आणि बसने परत. बहुतेक टूरवाले हेच विकतात. मग घरी परतलेली मंडळी म्हणतात, "छान आहे, पण फार बाजार झालाय." झालाय, पण तो वेस्ट स्ट्रीटवर. नदी बघायची असेल तर तिच्या वरच्या अंगाला, शिंगपिंग या जुन्या गावात किमान दोन रात्री राहा.

कारण साधं आहे. चीनच्या २० युआनच्या नोटेमागे जो देखावा आहे, तो शिंगपिंगजवळचा. चालत जाता येतं. त्या देखाव्याची निम्मी मजा पाण्यातल्या प्रतिबिंबात आहे आणि प्रतिबिंबाला हवं स्थिर पाणी. नदीच्या यांगदी ते शिंगपिंग गावांमधल्या पट्ट्यातले 'बांबूचे तराफे' आता बांबूचे राहिलेले नाहीत. ते प्लास्टिकच्या पाइपांचे आहेत आणि त्यांना मोटर लावलेली असते. ते सुरू झाले की पाणी दिवसभर हलतच राहतं. म्हणजे तराफे सुटायच्या आत काठावर हजर हवं. ऑक्टोबरात तिथे साडेसहाच्या सुमारास उजाडतं. गुइलिनच्या हॉटेलात झोपलेला माणूस तेव्हा गजर बंद करत असतो.

एप्रिल ते जून पाऊस सगळ्यात जास्त. रिमझिमीनंतर डोंगरांच्या कमरेला धुकं गुंडाळलेलं असतं, ते अप्रतिम. पण जोराचा पाऊस झाला की नदी गढूळ होते, पाणी चढतं आणि तराफे बंद. म्हणून एक दिवस हाताशी राखून ठेवा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर उत्तम, फक्त १ ते ७ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत चुकूनही जाऊ नका. हिवाळ्यात पाणी उतरतं.

आता एक ठरलेला घोळ. वेगवान रेल्वेचं 'यांगश्वो' स्टेशन यांगश्वो शहरात नाहीच, ते शिंगपिंगच्या हद्दीत आहे. तिथून यांगश्वोला जायला बसने तासाभराचा रस्ता, शिंगपिंग मात्र जवळ. शिंगपिंगला राहायचं आणखी एक कारण! तिकीट पासपोर्टवर निघतं आणि स्वयंचलित गेट आपला पासपोर्ट वाचेलच असं नाही, तेव्हा माणूस बसलेल्या खिडकीशी जा.

दुसरा घोळ शियांगगोंग टेकडीचा. सूर्योदयासाठी सगळे हिचंच नाव घेतात. नकाशावर ती शिंगपिंगच्या शेजारी वाटते, पण आहे पलीकडच्या काठावर, त्यामुळे गाडी आदल्या रात्रीच ठरवा. शिंगपिंगच्याच काठावरची लाओझाई टेकडी सूर्यास्ताला चांगली, मात्र चढण खडी. हा सगळा चुनखडीचा मुलूख. आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टवर बूट धरतो तसा या झिजून गुळगुळीत झालेल्या ओल्या दगडावर धरेलच असं नाही. पाऊस पडून गेला असेल तर चढूच नका, आणि उतरताना अंधार होतो म्हणून टॉर्च न्या.

खरा बांबूचा तराफा हवा असेल तर यूलोंग या उपनदीवर जा. एका तराफ्यावर दोघं, मागे वल्हारी लांब बांबूने रेटतो, मोटर नाही. वाटेत छोटे बंधारे येतात, तराफा त्यांवरून नाक खाली करून घसरतो आणि पाय भिजतातच. बूट काढून ठेवा, मोबाइल पिशवीत. मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर वयाची अट आधी विचारा.

पानकोळी खांद्यावर घेतलेले म्हातारे कोळी दिसतील. ते आता मासे नाही, फोटो पकडतात. पैसे आधी ठरवा.

शाकाहारी लोकांनो, हे नीट वाचा. नुसतं "रौ" म्हणजे मांस, आणि ते न सांगता डुकराचंच धरतात. "रौ नको" म्हटलंत तरी चरबीत परतलेली भाजी येऊ शकते, कारण चरबी म्हणजे मांस असं स्वयंपाकी धरत नाही. गुइलिनच्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांचा रस्सा हाडांचा. इथे भोपळ्याचं फूलसुद्धा खिमा भरून देतात! "वो छ्र सू" (मी शाकाहारी) म्हणा, शिवाय 'चरबी नको, हाडांचा रस्सा नको' हे चिनी अक्षरांत फोनवर ठेवून दाखवा. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं सगळीकडे मिळतं.

पैशांसाठी अलीपे हे चिनी पेमेंट अ‍ॅप घरूनच चालू करा, पासपोर्ट आणि कार्ड जोडून. ओटीपी भारतीय सिमवर येतो, तेव्हा रोमिंग हवंच. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला ३ टक्के. गूगलचा नकाशा चीनमध्ये काहीशे मीटर सरकलेला असतो. स्थानिक गाओदं नकाशा वापरा, नाहीतर हॉटेल शोधताना शेजारच्या भातशेतात पोहोचाल.

आणि शेजारच्या गोंगचंग भागातला 'यौछा' चुकवू नका. चहाची पानं आणि आलं तेलात परतून लोखंडी भांड्यात लाकडी सोट्याने कुटतात, पाणी घालून उकळतात, गाळतात, मीठ घालतात. वर कांद्याची पात आणि मूठभर चुरमुरे. पहिला घोट कडू लागतो, दुसरा कमी. तेल कुठलं ते मात्र आधी विचारा. चुरमुरे मऊ पडायच्या आत प्या.