स्टेल्थ विमानाच्या ‘अदृश्य रंगा’बद्दल खुलासा

‘एफ-३५ या लढाऊ विमानाला खास रंग लावला की ते रडारला दिसतच नाही’ हा मेसेज परवा मीच या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. न तपासता पाठवला, माफ करा.

रडारलहरी शोषणारा लेप असतो हे खरं, पण मुख्य काम आकार करतो. एफ-२२ या दुसऱ्या स्टेल्थ विमानाचा वरून काढलेला फोटो बघा: पंखाची पुढची कड आणि मागच्या आडव्या शेपटीची पुढची कड समांतर आहेत. उभ्या शेपट्याही सरळ नाहीत, बाहेर कललेल्या आहेत. त्यामुळे लहरी रडारकडे न परतता मोजक्याच, भलत्या दिशांना जातात. इंजिनाची पाती रडारवर फार चमकतात, म्हणून हवा आत घेणारी वाटच वळणाची. क्षेपणास्त्रंही पोटात.

आणि ‘दिसतच नाही’ म्हणाल, तर २७ मार्च १९९९ ला सर्बियात एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं गेलं, तेही १९६० च्या दशकातल्या एस-१२५ क्षेपणास्त्राने! स्टेल्थ म्हणजे उशिरा, जवळ आल्यावर दिसणं. लांब तरंगलांबीच्या रडारवर हा फायदा आणखी घटतो.

तो मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका, आणि जुना आता पाठवू नका.