ड्रेस्डेनची मुलं जे गातात आणि खाली जे लिहिलेलं असतं

फेब्रुवारी आला की एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. चर्चमध्ये गाणारी मुलं, मध्येमध्ये जळून कोळसा झालेल्या शहराचे कृष्णधवल फोटो, आणि खाली लांबलचक मजकूर. त्याचा मथितार्थ असा: दुसऱ्या महायुद्धात, 1945 मध्ये, दोस्त राष्ट्रांनी (ब्रिटन-अमेरिका) जर्मनीतल्या ड्रेस्डेनवर बाँब टाकून दोन लाखांवर माणसं मारली, त्या शहरात कलेशिवाय काही नव्हतं, जेत्यांनी ही गोष्ट दडपली, आणि आठशे वर्षांचा हा मुलांचा गायकवृंद आपल्या रिक्विएममधून (मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनासंगीतातून) त्या अत्याचाराचा जाब विचारतो.

मुलं खरी आहेत, आगही खरी आहे. बाकीचं एकेक बघू.

आधी आकडा, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. मार्च 1945 मध्ये ड्रेस्डेन पोलिसांनी नोंद केली होती: तोवर 20,204 मृत, एकूण आकडा 25,000 च्या घरात जाईल असा अंदाज. या कागदाची जी नक्कल जगभर फिरली, तिच्यात दोन्ही आकड्यांपुढे एकेक शून्य चढलेलं होतं. झाले 2,02,040 आणि 2,50,000. ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्व्हिंग यांनी ती नक्कल उचलून धरली. 1966 मध्ये अस्सल नोंदी समोर आल्यावर त्यांनाच लंडनच्या ‘द टाइम्स’ला पत्र लिहून ते मान्य करावं लागलं. मजकूर मात्र त्या पत्राच्या अलीकडेच थांबतो.

‘निर्वासित मोजलेच नाहीत’, ‘माणसं आगीत विरघळून गेली’ हे यावरचे ठरलेले आक्षेप. ड्रेस्डेन शहराने 2004 मध्ये नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने ते दोन्ही तपासले. दफनाच्या नोंदी, नागरी नोंदणी, जुन्या तळघरांचं उत्खनन, आगीचं तापमान, सगळं पाहून 2010 मध्ये निष्कर्ष दिला: जास्तीत जास्त 25,000. आणखी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. शीतयुद्धात पूर्व जर्मनीचं सरकार हा हल्ला अमेरिका-ब्रिटनच्या नावाने दरवर्षी उगाळायचं. आकडा फुगवण्यात त्यांचा फायदाच होता. तरी ते 35,000 च्या आसपासच थांबले.

यातच ‘दडपलं’ या आरोपाचंही उत्तर आलं. आणि खुद्द ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी 28 मार्च 1945 च्या टिपणात ड्रेस्डेनच्या विध्वंसावर प्रश्नचिन्ह लावलं होतं. दडपण्याची ही तऱ्हा अजबच म्हणायची.

‘कलेशिवाय काही नव्हतं.’ ड्रेस्डेन रेल्वेचं मोठं जंक्शन होतं, पूर्व आघाडीकडे जाणारं सैन्य तिथून जायचं. झाइस इकॉनसारखे कारखाने युद्धाचा माल बनवत होते, ज्यूंना तिथे वेठीला धरलं होतं. त्यामुळे शहराच्या मध्यवस्तीवर आगबाँब टाकणं योग्य ठरतं का? माझ्या मते नाही, आणि इतिहासकारांचा तो वाद अजून चालू आहे. पण ‘निष्पाप शहर’ म्हणताना 1938 च्या नोव्हेंबरमध्ये जाळलेलं तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, वगळायचं कसं? 13 फेब्रुवारी 1945 ला दिवसा, शहरात उरलेल्या मोजक्या ज्यूंना तीन दिवसांनी हजर होण्याच्या नोटिसा वाटल्या जात होत्या. हजर होणं म्हणजे छळछावणीत रवानगी, हे सगळ्यांना कळत होतं. वाटणाऱ्यांत भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर क्लेम्परर होते, ते स्वतःही ज्यूच. रात्री बाँब पडले, त्या गोंधळात ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा कोटावरचा पिवळा तारा काढून ते निसटले आणि वाचले. मजकुरात या माणसाला जागा नाही.

आता गायकवृंद, ज्याच्या नावावर हे सगळं खपवलं जातं. क्रॉइत्सकोर हा तिथल्या क्रॉइत्सकिर्शे या चर्चचा, आठशे वर्षांची परंपरा सांगणारा वृंद. त्या हल्ल्यात त्याची 11 मुलं गेली, चर्च आणि शाळा जळाली. त्याचे प्रमुख रुडॉल्फ माउअर्सबेर्गर यांनी 30 आणि 31 मार्चला, म्हणजे गुड फ्रायडे आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, एक रचना केली. व्हिडिओत बहुधा तीच वाजते. ती रिक्विएम नव्हेच, बिनवाद्यांचं छोटं समूहगान आहे. ते 4 ऑगस्ट 1945 रोजी जळक्या क्रॉइत्सकिर्शेतच पहिल्यांदा गायलं गेलं. मोठा ‘ड्रेस्डेन रिक्विएम’ 1947-48 चा, आणि नंतरही बरीच वर्षं माउअर्सबेर्गर तो दुरुस्त करत राहिले. त्यात वृंदाचे तीन भाग चर्चमध्ये वेगवेगळ्या जागी उभे राहतात. एक मुख्य, एक वेदीपाशी, आणि एक लांबून ऐकू येणारा, मेलेल्यांचा.

छोट्या रचनेचे शब्द बायबलमधल्या विलापगीतांचे आहेत. माणसांनी गजबजलेलं शहर ओसाड पडलंय, देवळाचे दगड गल्लीबोळांत विखुरलेत, वरून कोणीतरी माझ्या हाडांत आग धाडली. ‘कोणीतरी’ म्हणजे ब्रिटिश विमानदळ नव्हे, विलापगीतांत तो देवच आहे. पुढे त्यालाच विचारलंय, आम्हाला इतकं का विसरलास? शेवटी, प्रभो, माझे हाल बघ. शत्रूचं नाव एकदाही येत नाही, सूडाचा शब्द नाही. जाब असला तर तो देवाला आहे.

रचनाकारालाही संत करायचं कारण नाही. माउअर्सबेर्गर 1933 मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले होते. त्याने या स्वरांचं वजन कमी होत नाही, पण ‘निष्पाप शहराचा निष्पाप आवाज’ हे चित्र टिकत नाही.

आणि ‘आकड्यावरून कसली हुज्जत, दुःख ते दुःखच’ म्हणणाऱ्यांसाठी: 2005 मध्ये ड्रेस्डेन ज्या राज्यात येतं त्या सॅक्सनीच्या विधानसभेत एनपीडी या अतिउजव्या पक्षाने ड्रेस्डेनला ‘बाँबहोलोकॉस्ट’ म्हटलं. ज्यूंच्या संहाराशी बरोबरी करायची तर 25,000 पुरत नाहीत, दोन लाख लागतात. त्या काळात 13 फेब्रुवारीला निओ-नाझी तिथे मोर्चे काढायचे. 2010 मध्ये दहा हजारांहून जास्त ड्रेस्डेनकर हातात हात धरून जुन्या शहराभोवती उभे राहिले, ते याच लोकांना अडवायला.