सॉफ्ट पॉवरचं घोडं कुठे पेंड खातं

अण्णांनी कट्ट्यावर टेकायच्या आधीच जाहीर केलं, "उगवत्या राष्ट्राला सॉफ्ट पॉवर हवीच, म्हणजे सिनेमा-संस्कृतीतून जगावर पडणारी छाप. कोरियाकडे बघा! सरकारनं ठरवलं आणि जग जिंकलं."

"सरकारनं ठरवलं?" वैशाली म्हणाली. "1996 मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं सिनेमाची सेन्सॉरशाही मोडीत काढली, ते बरं विसरता! आपल्याच पोलिसांना, आपल्याच धनदांडग्यांना सोलायची मुभा मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना बघावंसं वाटलं. तुम्हाला आरत्या एक्स्पोर्ट करायच्यात."

"राष्ट्राची प्रतिमा..." अण्णा सुरू झाले. (हे दर आठवड्याचं. तेवढ्यात आम्ही मेसेज वाचून घेतो.)

मंदारला मात्र मुद्दा होता. "सरकारी पैसा अगदीच वाया जात नाही. जपान फाउंडेशन या सरकारी संस्थेनं 'ओशिन' ही जपानी मालिका किती देशांना फुकट दिली!"

"मान्य," वैशाली म्हणाली. "पण ती आधी घरच्यांना रडवून झाली होती. 2013 चा कूल जपान फंड बघ, जपानी संस्कृती बाहेर विकायला काढलेला सरकारी फंड, तोट्यात रुतला. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून, त्याच्या कितीतरी आधीच जगभर पोहोचलं होतं. सरकारनं पोहोचवावं, लिहायला बसू नये. आणि खरं घोडं पेंड खातं ते पोहोचवण्यातच."

मग ती सुटलीच. डबिंगला एम अँड ई ट्रॅक लागतो, म्हणजे संवाद वगळून संगीत आणि बाकीचे आवाज. सिंक साउंडमध्ये, म्हणजे सेटवरच आवाज टिपला की, पावलं, भांडी, कपड्यांची सळसळ संवादाच्याच माइकवर येते. संवाद काढले की तीही जाते आणि माणसं हवेत चालल्यासारखी वाटतात. ते सगळं फॉलीत, म्हणजे स्टुडिओत ते आवाज नव्यानं काढून, पुन्हा भरावं लागतं. बजेटमध्ये हे कुणी धरत नाही. शिवाय पाट्या आणि मोबाईलवरचे मेसेज नसलेली टेक्स्टलेस प्रत हवी. एडिट संपल्यावर ती मागितली की सगळे एकमेकांकडे बघतात. गाण्याचे हक्क देशापुरतेच घेतलेले असतात, मग परदेशासाठी गाणं बदला नाहीतर दुप्पट मोजा. सबटायटल्स आधी इंग्रजीत, तिथून स्पॅनिशमध्ये. इंग्रजीत तू-तुम्ही एकच, त्यामुळे अनुवादकाला टीप दिली नाही तर सून सासऱ्याला अरेतुरे करते.

"करू दे की, सुधारली म्हणायचं," मंदार.

"पण लोकांची मनं तर जिंकतो ना?" अण्णा.

"मे 2017 मध्ये 'दंगल' चीनमध्ये लागला," वैशाली म्हणाली. "तुफान चालला. जूनमध्ये डोकलामला दोन्ही सैन्यं आमनेसामने. तुर्की मालिकांवर अरब जग फिदा होतं, तरी 2018 मध्ये एमबीसी या अरबी वाहिनीसमूहानं त्या एका फटक्यात बंद केल्या. प्रेक्षक रडतो, अण्णा, करारावर सही दुसराच करतो. पर्यटक येतील, भाषेचे क्लास भरतील. तेही थोडं नाही, पण सीमा सरकत नाही."

"म्हणजे देशानं हातावर हात ठेवून बसायचं?"

"मुळीच नाही. सबटायटलवाल्यांचे पैसे वेळेवर द्यावेत, तिथून सुरुवात करावी."

'पैसे वेळेवर' म्हणताच सगळ्यांनी एकदम मंदारकडे पाहिलं. अण्णा सर्वांत जोरात हसले. उधारी त्यांचीच होती.